उंदरांचा माल

शनिवारी सकाळपासून वेदिकाने औषधांचा डबा चार वेळा उघडला आणि चारही वेळा नुसताच बंद केला. डब्यात आप्पांच्या नेहमीच्या गोळ्यांशेजारी एक नवी निळी पट्टी होती. उद्या, रविवारपासून, जुनी गोळी बंद करून ही निळी सुरू करायची असं ठरलं होतं. ठरवलं होतं तिनेच. तरी जिवाला चैन म्हणून नव्हतं.

आप्पा म्हणजे तिचे वडील, खंडेराव. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसवर त्यांनी तीस वर्षं मुकादमी केली होती. आता नाशिकमध्ये द्वारका चौकाजवळ, तिसऱ्या मजल्यावर, लेकीच्या फ्लॅटमध्ये, नाकात ऑक्सिजनची नळी घालून ते खिडकीशी बसून असत. त्यांची फुफ्फुसं आतून व्रण धरत कडक होत चालली होती. जुनी गोळी हा आजार थांबवत नव्हती, फक्त त्याची चाल मंद करत होती. डॉक्टरांनी दोन-अडीच वर्षं म्हटलं होतं, आणि त्यालाही सात महिने होऊन गेले होते.

वेदिका नाशिकच्याच एका संशोधन केंद्रात उंदरांवर काम करायची. म्हणजे उंदरांच्या आकड्यांवर. कामात जिवंत उंदीर तिने कधी पाहिलाही नव्हता. कुठल्या कुठल्या देशांतल्या प्रयोगशाळा उंदरांना माणसाचे आजार लावतात, त्यांच्या अवयवांत कुठलं जनुक किती जोरात काम करतंय ते मोजतात, आणि ते आकडे सगळ्यांसाठी खुले ठेवतात. वेदिकासारखी माणसं ते आकडे उतरवून घेऊन माणसाच्या आजाराचा माग काढत बसतात. माणसाचं फुफ्फुस दर आठवड्याला कापून बघता येत नाही, उंदराचं येतं, इतका सरळ आणि निर्दय हिशेब.

तिने हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा आप्पा खोकला येईपर्यंत हसले होते. आयुष्यभर ज्यांच्यामागे पिंजरे घेऊन फिरलो, आता त्यांच्याच भरवशावर जगायचं, म्हणाले. तेव्हापासून तिच्या कामाला ते उंदरांचा माल म्हणत, आणि ती संध्याकाळी घरी आली की आज कुठला माल उतरला, कसा निघाला, हे पॅकहाऊसवरच्या थाटात विचारून घेत.

तीन आठवड्यांपूर्वी तिला ते सापडलं. चोवीस उंदीर, बारा निरोगी आणि बारा फुफ्फुसाचा हाच आजार लावलेले. आजारी उंदरांत एक जनुक चौपट जोरात चाललं होतं. ते दाबणारी गोळी बाजारात होतीच, भलत्याच दुखण्यावरची, वर्षानुवर्षं. वेदिकाचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. ती तडक डॉक्टरांकडे गेली. उंदरांच्या एका तक्त्यावरून मी माणसाची गोळी बदलणार नाही, डॉक्टर म्हणाले. या दोन गोळ्या एकत्र चालत नाहीत, जुनी बंद करावी लागेल, आणि त्या दिवसांत जेवढं फुफ्फुस जाईल तेवढं परत येणार नाही. वेदिकाने मनातल्या मनात त्यांना भेकड ठरवलं आणि ओळखीतून गोळ्या मिळवल्या. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिनेच त्याची खरडपट्टी काढली असती. घरी तिने एवढंच सांगितलं की डॉक्टरांशी बोलणं झालंय. त्यात शब्दानेही खोटं नव्हतं, आणि तेच तिला टोचत होतं.

तिची आई, मालनबाई, मात्र तीन आठवडे हवेत होत्या. गोळीची बातमी त्यांनी खालच्या वाण्यापासून वरच्या मजल्यापर्यंत पोचवली होती. पुढच्या सीझनला आप्पा पिंपळगावला जाऊन स्वतः माल बघतील, असंही परस्पर जाहीर करून टाकलं होतं.

फेब्रुवारी संपत आला होता. खाली महामार्गावरून पिंपळगावकडचे टेंपो मुंबईच्या दिशेने चालले होते आणि आप्पा खिडकीतून एकेकाची हजेरी घेत होते. ह्याने ताडपत्री नीट बांधली नाही, त्याने क्रेट फार उंच रचले. वेदिका लॅपटॉप मांडीवर घेऊन त्यांच्याजवळ बसली, उठली, पाणी पिऊन आली, पुन्हा बसली.

आप्पांनी आपण होऊन पॅकहाऊसचं पुराण काढलं. तिला ते पाठ होतं. प्रत्येक क्रेटला चिठ्ठी, चिठ्ठीवर शेतकऱ्याचं नाव, प्लॉट आणि खुडल्याची वेळ. सकाळी गारव्यात खुडलेला मणी टणक असतो, उन्हात खुडलेला तोच मणी मऊ लागतो. म्हणून दोन वेळांचा माल एका टेबलावर घ्यायचा नाही, नाहीतर चांगल्या बागेला नावं ठेवली जातात. आणि माल परत करायची वेळ आली, की टेबलावरच्या ज्या पोरीने तो नाकारला तिला मागे उभं करून आप्पा पुढे होत. माल मी परत केलाय, म्हणत. मग शेतकरी जे काय बोलेल ते मान खाली घालून ऐकून घेत.

एवढं सांगून त्यांनी दम खाल्ला. मग टेंपोंवरची नजर न काढता म्हणाले, "वेदे, ते उंदीर कापले कवा?"

"कधी म्हणजे?"

"टाइम. चांगले कवा कापले आन् आजारी कवा कापले?"

वेदिकाच्या कपाळाला आठी पडली. ती द्राक्षं नाहीत, असं ती जरा तोडूनच बोलली. आप्पांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की पिंजरे ते नेहमी दिवस मावळताना लावायचे, कारण दिवसा उंदीर हलतच नाही, गपगार पडून राहतो, आणि सांजेला अंगात वारं भरल्यासारखा निघतो.

"झाडाला कळतं सकाळ झाली ते," ते म्हणाले. "उंदराला कळत नसंल?"

वेदिका उठली आणि आतल्या खोलीत गेली. बाप असला तरी तिला त्यांचा राग आला होता, आणि रागाच्या खाली भीती होती. मूळ तक्त्यात उंदरांच्या माहितीचे एकोणीस रकाने होते. पहिल्याच दिवशी तिने त्यातले चार ठेवून बाकीचे उडवले होते; काम सुटसुटीत व्हावं म्हणून ती नेहमीच तसं करायची. तिने मूळ तक्ता पुन्हा उतरवून घेतला. अकरावा रकाना कापण्याच्या वेळेचा होता. निरोगी बारा उंदीर, सगळेच्या सगळे, सकाळी नऊ. आजारी बारा, सगळेच्या सगळे, संध्याकाळी सात.

आजारी उंदरांत बदललेल्या जनुकांची स्वतःचीच यादी तिने वरपासून वाचली. तिसऱ्या क्रमांकावर शरीराचं घड्याळ चालवणारं एक जनुक होतं, सातव्यावर दुसरं. ही नावं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ओळखू येतात. तिने ती तीन आठवड्यांपूर्वी पाहिली होती आणि ओलांडून पुढे गेली होती, कारण तिला फक्त गोळी असलेलं जनुक हवं होतं.

तरीही तिने एक वाट शिल्लक ठेवली. दुसऱ्या एका प्रयोगशाळेने धडधाकट उंदरांची फुफ्फुसं दर चार तासांनी तपासली होती. ते आकडे तिने उघडले आणि आपलं जनुक त्यात शोधलं. सकाळी खाली. संध्याकाळी चौपट वर. दुसऱ्या सकाळी पुन्हा खाली. कसलाही आजार नसलेल्या उंदरांत, रोजच्या रोज.

उद्या सकाळी ती आप्पांची चालू गोळी बंद करणार होती, आणि कशासाठी, तर उंदरांच्या संध्याकाळसाठी. क्षणभर तिच्या मनात आलं की बोलायचंच नाही. न जाणो, निळ्या गोळीचा भलताच काही गुण यायचा. या विचाराची तिला इतकी लाज वाटली की ती तशीच उठून बाहेर आली.

आप्पांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना सांगावं लागलं नाही.

"एका टेबलावर घेतला ना माल?"

वेदिकाने मान हलवली. निरोगी सकाळचे होते आणि आजारी संध्याकाळचे, एवढंच ती कसंबसं बोलली. आप्पांनी तिला जवळच्या स्टुलावर बसवलं. ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं.

"आठ दिवस झाले, माझ्या मनात होतं ते," आप्पा म्हणाले.

"मग आप्पा, विचारलं का नाही तुम्ही?"

त्यांनी दोन-तीन श्वास गोळा केले. "मलाबी बरं व्हायचं हाय ना, वेदे."

वेदिकाला रडू फुटलं ते तेव्हा.

तेवढ्यात मालनबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. उद्याची निळी गोळी उपाशीपोटी द्यायची की न्याहारीनंतर, हे त्यांना आजच पक्कं करून हवं होतं. वेदिकाने डोळे पुसले आणि तोंड उघडलं, पण आप्पांनी तिचं मनगट धरलं आणि दाबलं.

"ती गोळी नाय घेणार मी," ते म्हणाले. "मीच परत केली."

मालनबाईंनी तांब्या ठेवला. मग त्या जे बोलायला लागल्या ते थांबेचनात. पोरीने तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून काम केलं त्याची किंमत नाही, देवीला बोललेल्या नवसाची नाही, आणि बायकोच्या जिवाची तर कधीच नव्हती. आप्पा मान खाली घालून ऐकत होते.

"तुमाला जगायचंच नाय," मालनबाई म्हणाल्या.

वेदिकाच्या मनगटावरची पकड आणखी घट्ट झाली. पॅकहाऊसवरच्या कितीतरी पोरी याच हाताच्या आडोशाला गप्प उभ्या राहिल्या असतील, आणि तेव्हा ते बरोबरही होतं, कारण चूक त्यांची नव्हती. वेदिकाने आपलं मनगट सोडवून घेतलं.

"आई, त्यांना जगायचंय," ती म्हणाली. "चूक माझी आहे. ती गोळी या आजाराची नाहीच. आणि डॉक्टर तेव्हाच नाही म्हणाले होते. मी तुमच्यापासून लपवलं."

मालनबाई भिंतीला टेकून खालीच बसल्या. आप्पांनी डोळे मिटून घेतले. पुढे होऊन आपल्या अंगावर घ्यायला आता त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

जरा वेळाने त्यांनी डोळे उघडले, घड्याळाकडे बघितलं आणि हात पुढे केला. दुपारची गोळी घ्यायची वेळ झाली होती. वेदिकाने डबा पाचव्यांदा उघडला, निळी पट्टी काढून बाजूला ठेवली आणि जुन्यातली एक गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. मालनबाईंनी तिच्याकडे न बघता तांब्या पुढे सरकवला.