साकवाचा ध्वजस्तंभ

महेशचं देशप्रेम प्रचंड होतं. ते ठेवायला त्याला दर वर्षी दुसऱ्याचं अंगण लागायचं. रामनगरात त्याचं पत्र्याचं दुकान. गुंद गावापलीकडच्या आपल्या वाडीत तो पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी उगवायचा आणि वाडी देशात आहे की नाही हे तपासायचा. यंदा वाडी नापास झाली. ध्वजस्तंभ नव्हता.

स्तंभ उंच हवा, सरळ हवा. रानातून तोडावा तर गार्ड धरतो. वाडीत असं एकच लाकूड होतं, पोफळीचा एक लांब सोट. तो व्हाळावर, म्हणजे वाडीपुढच्या ओढ्यावर, आडवा पडून साकवाचं, पायपुलाचं काम करत होता. शेजारी दुसरा सोट होता, पण तो कुजलेला, नुसता सोबतीला. महेशच्या झेंडावंदन समितीने चांगला सोट उचलला आणि देवळापुढे उभा केला. हार घातला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. इतकी वर्षं लोकांचे पाय अंगावर घेणाऱ्याला एवढा मान. लाकूड बिचारं काय बोलणार.

पंधरा ऑगस्टच्या सकाळी वाडीतली रक्षा पाठीला बॅग लावून निघाली. उद्या पहाटे बेळगावात सैन्यभरतीची धाव होती. बस एकच, व्हाळापलीकडे थांबणारी. ती चुकली तर धाव चुकणार, आणि पुढच्या खेपेला वय उलटणार. दोन वर्षं ती शेताच्या बांधांवरून पळत होती. लोक विचारायचे, वाघ लागलाय काय मागं?

व्हाळ दोन्ही काठ भरून वाहत होता. पलीकडे छत्रीखाली प्रमुख पाहुणे भिकाजीराव उभे होते. झेंडा त्यांच्या पिशवीत.

"महेशदादा, सोट काढून व्हाळावर टाका. बस गाठायची हाय मला."

"खुळी हाईस काय गो? पूजा झालेला स्तंभ झेंडा चढल्याबिगर उतरवत न्हाईत. अपमान हुतोय."

"मग चढवा झेंडा."

"झेंडा पाव्हण्यांकडं हाय."

"मग पाव्हण्यांना आणा."

"कशावरनं आणू? साकव कुठं हाय?"

हे त्याने अशा शांतपणे विचारलं, जणू साकव इंग्रजांनी नेला होता.

"आणि तू चाललीस कुठं? सत्कार हाय तुझा. वाडीची पयली फौजी. शाल आणलीया."

"फौजी व्हायलाच चाललेय न्हवं?"

"आधी देश, मग आपली कामं," महेश म्हणाला आणि फेटा नीट केला.

'फौजेत का जायचंय' याचं उत्तर रक्षाने पाठ केलं होतं. देशसेवा. ते खोटं नव्हतं, पण त्यात पगार होता, बूट होते आणि महेशला वाट सापडणार नाही असं एखादं गाव होतं. आता फेट्याकडे बघताना तिला वाटलं, देश म्हणजे हाच असेल तर सरहद्दीवर कशाला जायचं? याच्यापासून साकव राखायला इथंच एक पलटण बसवायला हवी.

पलीकडे घाटात बसचा हॉर्न वाजला.

स्वागतगीतासाठी माइकपाशी बसलेली देवकीकाकी उठली. तिने तोंडातलं पान थुंकलं आणि राष्ट्रगीत सुरू केलं.

महेश सावधान झाला. समिती सावधान झाली. पलीकडे भिकाजीरावांनी छत्री मिटली आणि ते पावसात ताठ झाले. रक्षाचेही पाय सवयीने जुळले, पण काकीने गाता गाताच असे डोळे वटारले की ते सुटले. झिलूकाका ठार बहिरे, त्यामुळे त्यांना काहीच लागू नव्हतं. ते आधीच स्तंभाच्या बुडातले दगड काढत होते.

काकी भजनी मंडळातली. एकेका ओळीवर ती मुक्काम करत होती. रक्षा आणि काका सोट आडवा करून, हारासकट, महेशच्या नाकासमोरून ओढत घेऊन गेले. महेशचे फक्त डोळे व्हाळापर्यंत गेले. तो हलला असता, पण समोर त्याचाच मोबाइल त्यालाच लाइव्ह दाखवत होता.

सोट व्हाळावर बसला. रक्षा पलीकडे गेली. ओठ न हलवता भिकाजीरावांनी विचारलं, "संपलं काय?"

"अजून हाय," रक्षा म्हणाली आणि बसकडे धावली. दोन वर्षांत इतकी ती कधी धावली नव्हती.

झेंडावंदन बघायला बस थांबून राहिली होती. खिडकीतून तिने पाहिलं. गीत संपलं. चिंब भिकाजीराव साकवावरून बसून बसून सरकत अलीकडे पोचले. ते उतरताच समितीने सोट उचलला आणि देवळापुढे पुन्हा उभा केला. झेंडा चढला. टाळ्या झाल्या. मग हळूहळू सगळी माणसं व्हाळाकडे बघत उभी राहिली.

"पाव्हणे परत कसे येणार?" कंडक्टरने विचारलं.

"त्यांचं त्यांना ठावं."

"आणि तू?"

रक्षाने तिकिटाला पैसे काढले.

"परत यायला कोण चाललंय?"