फोटोखालचा नळ

हात कसे धुवावेत, या विषयात पोपटाचा हात धरणारा अख्ख्या मेडिकल कॉलेजात कुणी नव्हता. नाव त्याचं वेगळंच होतं; पण वाचलेलं सगळं घडाघडा म्हणून दाखवायचा, म्हणून पोपट. कॉलेजने एकदा हात धुण्याची स्पर्धा ठेवली. हो, अशाही स्पर्धा असतात. पोपट अगदी हात धुवून त्या बक्षिसाच्या मागे लागला. स्टेजवर ना नळ होता, ना साबण. पठ्ठ्याने हवेतल्या हवेत तळवे चोळले, बोटांच्या बेचक्या घासल्या, अंगठे फिरवले, नखं खरवडली, आणि परीक्षकांनी पहिला नंबर देऊन टाकला. पाणी कुठे आहे, असं कुणीही विचारलं नाही.

मग त्याचा फोटो मोठा करून हॉस्पिटलातल्या प्रत्येक बेसिनवर लावला. वर हसरा पोपट, खाली नळ. वर्गातली पोरं त्या फोटोला सलाम ठोकायची आणि नळाला हात न लावता पुढच्या पेशंटकडे जायची. पोपटही जायचा. वेळ कुणाला आहे? एक पोट दाबून बघायचं, हात एप्रनला पुसायचे, की पुढचं पोट. एकदा कुणीतरी पाहणी केली, तेव्हा झाडून सगळ्यांनी लिहिलं की मी नेहमी धुतो, बाकीचे धूत नाहीत. एवढं एकमत त्या वर्गात कधीच झालं नव्हतं.

अशात पोपटाची ताई त्याच हॉस्पिटलात बाळंत झाली. मुलगी झाली, पण दिवस भरायच्या आत आणि वजनाला अगदीच हलकी.

"जपा हं, हिला साधा संसर्गसुद्धा झेपायचा नाही," मुलांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दाजींच्या तोंडचं पाणी पळालं.

"दाजी, काळजी कसली करता? मी आहे ना इथे!" पोपट म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो सर्जरीच्या वॉर्डातून तडक ताईकडे आला. त्या सर्जरीच्या वॉर्डात एका चिघळलेल्या पायाचं ड्रेसिंग चाललं होतं आणि पाय धरायला यालाच उभं केलं होतं.

"मामा आला, मामा आला!" म्हणत तो थेट बाळाकडे झेपावला.

"अरे, हात धुतलेस का?" ताईने विचारलं.

"ताई, बाहेर बेसिनवर फोटो कुणाचा आहे?"

दाजी खो खो हसले. शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा हसली. ताईने बाळ दिलं. पोपटाने भाचीच्या ओठांवरून बोट फिरवलं, आणि त्या गुणाच्या पोरीने ते चोखलं.

पुढे दोन दिवसांत बाळ दूध ओढेनासं झालं. अंग तापलं. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं, काडीएवढ्या हातात सुई टोचली. "हा संसर्ग कुणाच्या तरी हातातून झालाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"बाहेरच्या कुणाला हात लावू दिला नाही हो!" दाजी काकुळतीला आले. "मी, ही, आणि हा मामा. आणि याचा तर तुम्हीच फोटो लावलाय!"

डॉक्टरीणबाईंनी पोपटाकडे पाहिलं. पोपटाने जमिनीकडे पाहिलं. आपल्या बोटाने झालं असेल, नसेलही. ते कुणालाच ठामपणे सांगता आलं नसतं. तो काचेबाहेर बसून राहायचा आणि ती इवलीशी छाती हलतेय ना, ते बघायचा. जेवण जाईना.

पण पोरगी चिवट निघाली. ताप उतरला, दूध पिऊ लागली, आणि एका दुपारी पुन्हा ताईच्या कुशीत आली.

पोपट वॉर्डाच्या दारातल्या बेसिनपाशी गेला. स्वतःच्या फोटोखाली उभं राहून त्याने साबण लावला, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, सगळं यथासांग केलं आणि नळ बंद केला. मग थबकला. मळक्या हाताने उघडलेला नळ त्याने धुतलेल्या हाताने बंद केला होता. स्टेजवर नळच नव्हता, मग हे सुचणार कुठून? झाला की पोपट! पुन्हा धुतले. या खेपेला कोपराने ढकलायला गेला, तर नळ गोल चावीचा, हलेना. शेवटी दाजींना हाक मारली.

"काय राव, बक्षीस मिळालेल्या माणसाला नळ बंद करता येत नाही?" दाजींनी चावी फिरवली.

पोपट हात वर धरून ताईपुढे उभा राहिला. कोपरावरून पाणी गळत होतं.

"घे मामा, घे," ताईने बाळ पुढे केलं.

"ताई, आधी विचार."

"काय विचारू?"

"हात धुतलेस का, ते."

"वेडा आहेस का? बाहेर फोटो कुणाचा आहे?" ताई हसली.

"तरी विचार. दरवेळी विचार, ताई."

बाळ घ्यायला त्याने हात पुढे केले नाहीत. ताईचं हसू हळूहळू ओसरलं. ती त्याच्या हातांकडे बघत राहिली.

"त्या दिवशी धुतले होतेस?" तिने विचारलं.

पोपटाला पाठ केलेलं काहीच आठवेना.

"नाही," तो म्हणाला.

ताईने पुढे केलेलं बाळ मागे घेतलं आणि छातीशी धरलं.