धड्यातली दुसरी बाई

सुलक्षणाने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. दुपारचे चार वाजले होते. बोरीवलीच्या त्या प्रशिक्षण केंद्रात पंख्याच्या घरघरीशिवाय कसला आवाज नव्हता, तरी तिच्या अंगावर सर्रकन काटा आला होता.

"काय झालं गं?" नितेशने विचारलं. शिक्षकांना डिजिटल कौशल्यं शिकवायचा सहा आठवड्यांचा वर्ग ती दोघं मिळून आखत होती.

"हे ऐक."

पडद्यावर एक मोबाइल होता. एक बाई शांतपणे सांगत होती, लिंक कशी पाठवायची ते. मध्येच मागून दुसरी बाई म्हणाली, "थांब गं, माझ्याकडून जातच नाहीये. परत सांग ना."

"बॅकग्राउंडला कोणीतरी बडबडतंय," नितेश म्हणाला. "कापून टाक ना. मुक्त धडे आहेत, कोण विचारतंय?"

मुक्त होते खरे. कुणीही फुकट घ्यावेत, हवे तसे कापावेत, जोडावेत, फक्त मूळ करणाऱ्याचं नाव द्यावं, एवढीच अट. नव्याने सगळं बनवायला वेळ नव्हता म्हणून सुलक्षणा गेले तीन आठवडे असेच धडे धुंडाळत होती. एका परदेशी विद्यापीठाचे सापडले होते, पण त्यात सगळं कॉम्प्युटरवर. तिच्या साठ शिक्षकांकडे होते मोबाइल, तेही कडेने फुटलेल्या काचेचे. मग अचानक हे अकरा मराठी धडे हाती लागले. अगदी मापाने शिवल्यासारखे.

ती दुसरी बाई म्हणजे कमलबाई. आणि कमलबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती.

सुलक्षणा पूर्वी त्यांच्याच शाळेत शिक्षिका होती. लॉकडाऊन लागला, शाळा मोबाइलवर आली आणि सगळ्या शिक्षकांना तयार करायचं काम तिच्या गळ्यात पडलं. कमलबाईंची अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेली. पहिलीतल्या पोरांना हात धरून अक्षर वळवायला शिकवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण मोबाइल हातात घेतला की हवं ते बटण सापडायचं नाही. एका मीटिंगमध्ये त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, "सुलक्षणा, ती लिंक परत सांगशील का गं?" सुलक्षणा शेजारच्या खोलीतल्या नवऱ्याला ओरडून म्हणाली, "पालथ्या घड्यावर पाणी रे! हिला काय शिकवणार, कप्पाळ!"

माइक चालू होता. चाळीस जणांनी ऐकलं. कुणीतरी फिसकन हसलं. पडद्यावरचा कमलबाईंचा चौकोन क्षणभर तसाच राहिला, मग नाहीसा झाला.

त्यांनी पुन्हा कधी काही विचारलं नाही. वर्षाच्या शेवटी स्वेच्छानिवृत्ती घेतली. पुढे एका सकाळी ग्रुपवर बातमी आली, झोपेतच गेल्या. सुलक्षणाने जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं आणि भाजी फोडणीला टाकली.

आता तिने कापायला घेतलं. सोपं होतं, आवाजाची लहर उचलायची, पुसायची. पण प्रश्न काढले की उरलेल्या उत्तरांना अर्थच राहीना. रिकाम्या जागेकडे बघून ती पहिली बाई म्हणायची, "नाही, तुझं नाही चुकलं. ते बटण ठेवलंच आहे लपवून." कोणाला म्हणतेय? सुलक्षणा पुन्हा पुन्हा ऐकत राहिली, आणि जिथे तिने स्वतःच्या हाताने पुसलं होतं तिथे तिला तो प्रश्न ऐकू येऊ लागला. घरी गणित करताना लेक जान्हवी म्हणाली, "आई, परत सांग ना." सुलक्षणाच्या हातातली कपबशी खाली पडली.

शनिवारी ती मार्वेच्या धक्क्यावरून बोटीने मनोरीला गेली. धड्यांच्या शेवटी नाव होतं, तेरेसा, मनोरी. गावात विचारलं तर पहिल्याच माणसाने घर दाखवलं.

तेरेसा टीचर साठीच्या, पांढऱ्या केसांचा बॉब केलेला, ओसरीत वही तपासत बसलेल्या. त्या निवृत्त झाल्या तरी गावातली पोरं शिकायला यायची. सुलक्षणाने धड्यांचा विषय काढला.

"ये बाय, बस. माझे धडे हवेत? घे की. त्यासाठी बोटीने यायची काय गरज होती?"

"मागे जो आवाज आहे…" सुलक्षणाने सुरुवात केली.

"कमल," टीचर म्हणाल्या. "डी.एड.ला आम्ही एका बाकावर होतो. नोकरी सोडल्यावर दर शनिवारी यायची. म्हणायची, तेरेसा, मला ते सगळं शिकव, मला बघायचंय मी खरंच ढ आहे का."

"मग शिकल्या त्या?" सुलक्षणाने विचारलं.

"शिकली की. माझ्याहून झकास शिकली. मग म्हणाली, आता सगळं रेकॉर्ड करू, मी पुन्हा काहीच न येणाऱ्या बाईसारखे प्रश्न विचारते. म्हटलं, लोकांना हसू येईल. तर म्हणाली, येऊ दे. ज्याला विचारायची लाज वाटते त्याच्या वतीने मी विचारते. पण नाव नाही घालायचं माझं. शाळेतल्या कुणी ऐकलं तर परत…" टीचर थांबल्या. चष्म्यावरून त्यांनी सुलक्षणाकडे पाहिलं. "तू त्याच शाळेतली?"

"हो. त्यांना सगळ्यांसमोर पालथा घडा म्हणणारी मीच."

आत कुकरची शिट्टी झाली.

"त्या काही म्हणायच्या माझ्याबद्दल?"

"नाही," टीचर म्हणाल्या. "तुझं नावसुद्धा कधी घेतलं नाही तिने."

रागाचा एक शब्द मिळाला असता तर बरं झालं असतं, असं सुलक्षणाला वाटलं. निघताना तिने विचारलं, "मी त्यांचं नाव घालू का, धड्यांवर?"

"ते मला विचारू नको. मी तिला शब्द दिलाय. आणि तुला तर तो हक्कच नाही, बाय." हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. आतून पेज आणून दिली, ती संपेपर्यंत समोर बसून राहिल्या.

सोमवारी सुलक्षणाने कापलेले सगळे प्रश्न परत जागेवर बसवले. नितेश वैतागला. "यार, धडा दुप्पट लांब होतोय."

"होऊ दे. आखणीच त्यांच्या प्रश्नांवर करायची. जिथे त्या अडतात तिथे आपण थांबायचं, सगळ्यांना करून बघू द्यायचं."

पहिल्या वर्गाला साठ शिक्षक आले. हाताची घडी घालून, चेहरे मख्ख ठेवून. "माझ्याकडून जातच नाहीये," मागची बाई म्हणाली तेव्हा हशा पिकला, पण तो मोकळा होता. शेवटच्या बाकावरच्या धोंडिराम सरांनी हात वर केला. "मॅडम, माझ्याकडूनपण जात नाहीये." मग पाच हात वर झाले, मग वीस.

जेवणाच्या सुट्टीत धोंडिराम सर जवळ आले. "ह्या प्रश्न विचारणाऱ्या बाई कोण हो? आमच्यासाठीच विचारतात असं वाटतं. त्यांना एकदा बोलवा ना इथे."

सुलक्षणाने सगळं सांगितलं. माइक, चाळीस जण, ते हसणं. त्या गेल्या, हेही सांगितलं. नाव तेवढं सांगितलं नाही. सरांनी डबा उघडलाच नाही. ते म्हणाले, "पुढचा धडा लावा, मॅडम."

सहा आठवड्यांनी नवा अभ्यासक्रम सुलक्षणाने पुन्हा मुक्त करून टाकला. आठवडाभरात जव्हारहून निरोप आला, मग सावंतवाडीहून. कुणी धडे शाळेत लावले होते, कुणी आपल्या आईसाठी उतरवून घेतले होते. कुठे कुठे पोचले त्याचा हिशेब आता तिच्याकडे नव्हता. भांडी घासताना, स्टेशनच्या पुलावर, दुपारच्या शांततेत तिला वाटायचं, आत्ता या क्षणी कुठल्यातरी खोलीत कमलबाई काहीतरी विचारताहेत, आणि उत्तर द्यायला तिथे आपण नाही.