तिसऱ्या जागेचा गोफ

मॅकेनाने मान पुढे केली आणि तिच्या गळ्यातल्या गोफाची बटणे डार्लीनच्या तळहातावर उतरली. हरभऱ्यापेक्षा थोडी मोठी, पितळी. जुनी काळवंडलेली, नवी अजून पिवळी. गोफ गळ्यातून काढायचा नसतो, म्हणून ही एकवीस वर्षांची मुलगी भर उन्हात अशी वाकून उभी होती. डार्लीन एकेक बटण अंगठ्याने उलटे करत होती.

"चष्मा लावा ना. मागचे आकडे खिळ्याने कोरलेत, मलाही नीट दिसत नाहीत."

डार्लीनने डोक्यावरचा चष्मा खाली ओढला. सहासष्ट, एकोणसत्तर, त्र्याहत्तर, सत्त्याहत्तर, ऐंशी. पुढचे बटण पंच्याऐंशीचे होते. तिने पुन्हा ऐंशीपासून सुरुवात केली.

ब्लॅक रिव्हर रेंजर्स या ड्रम-बिगूल पथकाला साठ वर्षे झाली होती. शाळेच्या मैदानावर तीन पिढ्यांचे वादक जमले होते आणि जाळीवर सॉसेज भाजले जात होते. बिगुलांच्या पहिल्या फळीत बारा जागा आणि दर जागेचा एक गोफ. वयाचे एकविसावे वर्ष हे पथकातले शेवटचे. त्या उन्हाळ्यातली शेवटची स्पर्धा संपली की जाणारा आपल्या बाहीचे एक बटण तोडतो, मागे साल कोरतो, गोफात ओवतो आणि गोफ पुढच्याच्या गळ्यात बांधतो. बांधताना आधीची सगळी नावे म्हणतो. पुढचा ती पाठ करतो.

डार्लीनने नावे ऐकायला मागितली. मॅकेनाने डोळे मिटले आणि पाढे म्हणावेत तशी सुरुवात केली. गॅरी स्टेनबॅक, ऐंशी. लिनेट हालवर्सन, पंच्याऐंशी. ती कुठेही अडखळली नाही.

"आणि आमच्या जागेची एक गोष्टपण आहे," ती डोळे उघडून म्हणाली. "बाकी कुणाच्या जागेला नाही."

गोष्ट अशी होती. ब्याऐंशी साली, अंतिम स्पर्धेला तीन आठवडे असताना, तिसऱ्या जागेवरची मुलगी बिगूल गवतावर टाकून निघून गेली. उन्हाला, फोडांना कंटाळली होती म्हणे. लिनेट तेव्हा शेवटच्या फळीत होती. तिने तीन दिवसांत त्या जागेची सगळी पावले पाठ केली आणि फळी वाचवली. तेव्हापासून नवीन कुणी रडायला लागले की त्याला एवढेच सांगतात, तिसरी जागा रिकामी राहत नाही.

"पळाली ती कोण?" डार्लीनने विचारले.

"तिचं नाव घ्यायचं नसतं. खरं म्हणजे मला माहीतच नाही. लिनेट सांगत नाही. तिला अजून वाईट वाटतं त्याचं."

"वाटत असेल," डार्लीन म्हणाली आणि तळहात हळूच खाली घेतला. बटणे मॅकेनाच्या छातीवर जाऊन वाजली.

डार्लीनच्या अंगावरच्या पट्टीवर तिचे लग्नानंतरचे नाव होते. ती याआधी एकाही मेळाव्याला आली नव्हती. चाळीस गायींचे सकाळ-संध्याकाळ दूध काढणाऱ्या बाईला दिवसभरासाठी कुठे जाता येत नाही. गायी गेल्या वर्षी विकल्या.

ब्याऐंशीच्या जुलैत ओहायोमधल्या एका शाळेत पथकाचा मुक्काम होता. व्यवस्थापक डार्लीन आणि लिनेट या दोघी बहिणींना व्हरांड्यात घेऊन गेला. बाकीचे मैदानावर सराव करत होते. वडील गोठ्यात कोसळले होते, अर्धे अंग गेले होते, आई एकटी होती. दोघींपैकी एकीला परत जायला हवे होते. अठरा वर्षांची लिनेट टोपीत तोंड घालून रडत होती. डार्लीनचा तो शेवटचा उन्हाळा होता. तिने कुणाला काही विचारले नाही, पिशवी भरली. बसच्या पायरीवर तिने गळ्यातला गोफ लिनेटच्या गळ्यात बांधला, बाहीच्या बटणाचा दोरा दातांनी तोडला आणि ते बटण बहिणीच्या मुठीत दिले.

"शेवटच्या स्पर्धेनंतर ओव," एवढेच ती म्हणाली.

लिनेटने ओवले होते. निदान त्या नाताळला तिने तसे सांगितले. तिचे स्वतःचे बटण आले तेव्हा म्हणाली, आता आपली दोन्ही चालताना एकमेकांवर वाजतात. गोफ तेव्हा दुसऱ्याच्या गळ्यात गेला होता, पण लिनेट दर मेळाव्याहून परत आली की डार्लीन भांडी घासताना विचारायची, "वाजतात का गं?" आणि लिनेट म्हणायची, "वाजतात." वडील अंथरुणावर नऊ वर्षे होते. त्या नऊ वर्षांत आणि नंतरही हा प्रश्न एकदाही चुकला नव्हता.

लिनेट कागदी बशा सावरत येत होती. वाटेत चार जणांनी तिला थांबवले. तिला इथे सगळे ओळखत.

"मॅकेना, हिच्यापासून जपून हं," ती लांबूनच म्हणाली. "गायींशी बोलून बोलून ही आता माणसांनापण हाकते."

"मी यांना पळपुटीची गोष्ट सांगत होते," मॅकेना हसत म्हणाली. तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली आणि ती गेली.

लिनेटच्या हातातल्या बशीवरचे सॉसेज घरंगळून कडेला आले. तिने ते सावरले नाही.

"बटण कुठंय?" डार्लीनने विचारले.

"इथं नको, डार्लीन."

"कुठंय?"

"हरवलं. शेवटच्या स्पर्धेच्या आधीच." लिनेट बशीकडे पाहत बोलत होती. "सगळी बस शोधली मी. सगळे विचारायला लागले, बटण नाही तर नाव कसं घ्यायचं. मी म्हटलं, तिनं दिलंच नाही. टाकून गेली."

"बाबांचं नाही सांगितलंस?"

"बाबांचं सांगितलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं, मग तू का थांबलीस."

डार्लीनने तिच्या हातातली एक बशी घेतली, बाजूच्या टेबलावर ठेवली. मग दुसरीही घेऊन ठेवली.

"वाजतात म्हणायचीस," ती म्हणाली.

शिट्टी झाली. मेळाव्याच्या शेवटी सगळे मिळून पथकाची धून वाजवतात. दर जागेची एक रांग, सालाप्रमाणे एकामागे एक, सगळ्यात मागे सध्याचा वादक. डार्लीनने टेबलावरच्या जादा बिगुलांतला एक उचलला. तिसऱ्या रांगेत गॅरी स्टेनबॅक उभा होता, बऱ्याच वर्षांनी ॲरिझोनाहून आलेला, पाठीत वाकलेला. त्याच्यामागे लिनेट जाऊन उभी राहिली होती. दोघांमध्ये एका पावलाचे अंतर होते.

डार्लीन त्या अंतरापाशी जाऊन थांबली. गॅरीने वळून पाहिले, ओळखले.

"कोपर आत घे," तो म्हणाला. सेहेचाळीस वर्षांपूर्वी रोज म्हणायचा तसे. आणि पुढे तोंड केले.

डार्लीन त्याच्यामागे उभी राहिली. लिनेटचा श्वास तिच्या मानेला लागत होता. मग तो श्वास दूर झाला. लिनेट एक पाऊल मागे सरकली होती. तिच्यामागच्या टक्कल पडलेल्या माणसाला सरकावे लागले, त्याच्यामागच्या बाईला, तिच्यामागच्या जुळ्यांच्या आईला, आणि असे करत अख्खी रांग मागे गेली. शेवटी मॅकेनाच्या टाचा चुन्याच्या रेघेपलीकडे गवतात गेल्या.

"काय झालं?" ती मागून म्हणाली. "मध्ये कोण आलं?"

प्रश्न रांगेतून पुढे निघाला. कोण आहे, कोण आहे ती, एकाने पुढच्याला विचारले, त्याने त्याच्या पुढच्याला. तो लिनेटपर्यंत आला आणि थांबला.

डार्लीनने मान वळवली नाही. तिने कोपर आत घेतले आणि बिगूल ओठांना लावला. ड्रमच्या काठ्यांचे चार ठोके पडले. रांगांमधून धून उठली. तिच्या पुढे गॅरीचा बिगूल वाजत होता, मागे दहा-बारा वाजत होते. अगदी पाठीशी असलेला एक मात्र वाजत नव्हता.