चिंचेने उजळलेली विजयादेवी

हजार दिरहमला घेतलेलं नाणं बारा हजारांना गेलं, की अकरा हजार सुटले. साडेतेराच्या भावाने एक लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे रुपये. सदानंदला हा गुणाकार आता मारुतिस्तोत्रासारखा पाठ झाला होता.

२००८ची दिवाळी. कंपनीने दोन महिने पगार दिला नव्हता आणि एक तारखेला बर दुबईच्या घरभाड्याचा बारा हजारांचा चेक बँकेत जाणार होता. नाही वटला तर पोलीस. तरी सदानंद शीळ घालत होता. कारण कंपनीला टाळं ठोकून विमानतळाकडे पळता पळता गोऱ्या साहेबाने हे नाणं हजार दिरहमला त्याच्या गळ्यात मारलं होतं. रोमनांनी लढाई जिंकल्यावर पाडलेलं, काशाचं, हिरवंगार. त्यावर पंखवाली विजयादेवी खजुराच्या झाडाला टांगलेल्या ढालीवर जिंकल्याचं लिहितेय. डबीच्या झाकणावर दुकानाचा नंबर आणि सोनेरी हमी: अस्सल नसल्यास पूर्ण पैसे परत.

फोनवरचा दुकानदार बदरुद्दीन निघाला रत्नागिरीचा. "साहेबाला बारालाच विकलेलं मी. त्याच भावात परत घेतो, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. संध्याकाळी रोकडा घेऊन येतो. तो हिरवा रंग तेवढा जपा, हबीबी. किंमत रंगाची आहे."

संध्याकाळी सदानंद अंघोळ करून बाहेर आला, तर लक्ष्मीपूजन मांडलेलं आणि चौरंगावर मधोमध नाणं. पिवळंधमक.

"चिंचेने घासलं," त्याची बायको शोभना म्हणाली. "पूजेत काय शेवाळलेली लक्ष्मी ठेवायची? बघा तरी, कशी उभ्या उभ्या हिशेब लिहितेय!"

"मम्मा, शी हॅज विंग्ज!" ओवी म्हणाली.

"मग? दोन महिन्यांत आपल्या लक्ष्मीला फुटलेच की पंख."

"अगं, एक लाख बासष्ट हजार रुपये तू सिंकमध्ये सोडलेस!" सदानंद ओरडला. तेवढ्यात बेल वाजली.

बदरुद्दीनने नाणं पाहून कपाळाला हात लावला. "खलास! काय केलंत वहिनी? आता फार तर दोनशे."

सदानंदने दोनशेसाठीही हात पुढे केला असता. शोभनाने मध्ये चकल्यांची बशी सरकवली.

"भावजी, एक सांगा. सासूबाईंचा तांब्या दहा वर्षांत काळा पडलेला, त्याला मी तीनदा चिंच लावली तेव्हा उजळला. तुमचा दोन हजार वर्षांचा हिरवा एका हातात कसा गेला?" तिची बोटं अजून हिरवी होती, रंगपंचमीसारखी. आणि ठोकून पाडलेल्या नाण्याला नसतो तो साच्याचा जोड कडेने दिसत होता, साच्यातल्या मोदकाला दिसतो तसा.

बदरुद्दीनच्या घशात चकली अडकली. सदानंदला आता कंठ फुटला. "बदरुभाई, ही हमी तुमचीच ना?"

"ती साहेबाला दिलेली."

"साहेब गेला. दुकान इथेच आहे," शोभना म्हणाली. "आणि आमच्या मराठी मंडळात गोष्टी फार लवकर पसरतात हो."

बारा हजार मोजले गेले. बदरुद्दीनने नाण्याकडे हात नेला.

"अंहं," शोभना म्हणाली. "आज घरातली लक्ष्मी बाहेर देत नाहीत. उद्या या."

"आणि आत आलेली?"

"ती घेतात की!"

बदरुद्दीन इतका हसला, की ओवीला पाणी आणावं लागलं. तो का हसला, हे सदानंदला रात्री हिशेब मांडल्यावर कळलं. बदरुद्दीनने साहेबाकडून बारा घेतले होते, बारा दिले. त्याचं काहीच गेलं नाही. भाड्याचे बारा हजार जमले ते असे: हजार सदानंदचे स्वतःचे आणि अकरा हजार पगार बुडवून पळालेल्या साहेबाचे. चिंच शोभनाची.