रिनाच्या पाखरांचा पिंजरा

रिना गेली तेव्हा नऊ वर्षांची होती. सिकलसेलच्या रक्ताच्या आजारानं नेली. मागं राहिली तिची लव्हबर्डची जोडी, ओसरीत टांगलेल्या पिंजऱ्यात. शाळेतून आली की आधी त्याचं दार उघडायची आणि तळहातावर राळ्याचे दाणे धरायची.

पोळ्यानंतर ते दार उघडं सापडू लागलं. तिचा बाप प्रफुल गडचांदूरच्या एका सिमेंट कारखान्यात फिटर. ड्युटीवरून घरी यावं तर दार सताड उघडं आणि पाखरं आतच, पिंजऱ्याच्या उंबऱ्याशी बसलेली. त्यानं पिंजरा तपासला. दाराची स्प्रिंग ढिली, सळ्या बोटानं वाकत होत्या, वेल्डिंगचे टाके सुटलेले. कच्च्या कामाची त्याला मुळातच चीड. तसाच पिंजरा घेऊन दुकानात गेला.

"याले पिंजरा म्हनतेत का भाऊ? हात लावला का खुलते."

"आता असाच हलका माल येते," दुकानदार म्हणाला. "दुसरा घेऊन जा."

दुसऱ्याचं दार वर सरकणारं होतं. ते वरच अडकलेलं सापडायचं. प्रफुलनं त्याला तार पिळून बांधली. दुसऱ्या दिवशी तार सोडवलेली, सरळ करून पिंजऱ्याच्या तळाशी ठेवलेली.

शेवटी त्यानं जंगू वेल्डरकडून जाड सळ्यांचा पिंजरा करून घेतला. दाराला घट्ट कडी. "यातून वाघ नाई निघत," जंगू म्हणाला.

तोही उघडला. कारखान्याच्या खाणीत सुरुंग लागतात, घर हादरतं, कडी सरकत असेल, असं प्रफुलनं स्वतःला समजावलं. पण रविवारी सुरुंग नव्हते. तो बाजारातून आला तर कडी निघालेलीच. आता मात्र तो बायकोवर चिडला.

"पुनम, तूच खोलून राह्यली ना?"

पुनम झोपेतून उठून आली होती. "मी? मले तं वाटे तुमी खोलता. तिची आठवन येत असंन म्हनून मी काई बोलली नाई."

दुसऱ्या दिवशी प्रफुलनं सुट्टी टाकली. दोघं दाराआडून ओसरीकडे बघत बसले. शाळा सुटली, रस्त्यावरून पोरं कलकलाट करत गेली. पाखरं झोक्यावरून खाली उतरली आणि दाराला चिकटून माना ताणून ओरडू लागली. कडी सरकताना दोघांनाही दिसली नाही. फक्त आवाज आला. दार उघडलं होतं. पाखरं उंबऱ्यावर उभी राहून समोरच्या रिकाम्या हवेत चोच मारत होती. हळू, जपून. तळहातावरून टिपावं तसं.

"बाई," प्रफुलच्या तोंडून निघालं. रिनाला तो असंच हाक मारायचा. पुनमनं त्याचा हात घट्ट धरला.

त्या दिवसापासून त्यानं कडी लावली नाही.

दिवाळी झाली. कुरखेड्याहून प्रफुलच्या आईचा फोन आला, धान कापणीला दोघंही या. प्रफुलनं बॅग भरली.

"तुमी जा," पुनम म्हणाली.

"अन् तू काऊन नाई?"

"ती आली अन् घरी कोनीच नसलं तं?"

प्रफुलनं आईला फोन लावला, यंदा मजूर लाव म्हणून सांगितलं आणि कपडे एकेक काढून पुन्हा दोरीवर टाकले.