घरात माणसा किती

भर दुपारी तुळशीपुढे लावलेली पणती.

कुडाळहून आलेली लॉरी, कौलांनी भरलेली.

उलटी झालेली काळी छत्री.

देवघरातला बाळकृष्ण. त्याला पुरुषांत धरावे की नाही, हा प्रश्न.

"दोन," आनंदी म्हणाली होती.

*

अठ्ठावन्न साली दिवाळी सरल्यावर मुंबईच्या कुणी शहाण्यांनी मालवणची पाहणी काढली. छप्पर कशाचे, विहीर कुणाची, धंदा काय. शाळेला सुट्टी, म्हणून काम रोझारियो मास्तरांच्या गळ्यात पडले.

"घरात माणसा किती गो, आनंदी?"

आनंदीचा नवरा मचव्यावर, शिडाच्या मालवाहू होडीवर, खलाशी. कौले भरून देवगडाकडे गेलेला. माणूस दर्यात असताना घरातली डोकी मोजायची नाहीत, हा सासूचा दंडक. तेव्हा तिने शक्कल काढली.

"दोन. मी आणि आमची म्हातारी."

"आणि परशुराम? तेका काय दर्यान खाल्ल्यान?"

दोघेही हसली.

"तो खंय हंय आसा? हंय आसात ती दोन."

"बरां. दोन लिवतंय."

मास्तर गेले. आणि वारा फिरला. माडांच्या झावळ्या एकाएकी उलट्या बाजूला पडल्या, आणि दर्याचा आवाज परसात आला.

हौसाबाई, तिची सासू, मागल्या दाराने आत आली. "मास्तरान काय इचारल्यान?"

"माणसा किती म्हणान."

"मग?"

"दोन सांगलंय."

म्हातारीने हातातले सूप खाली ठेवले. "पोरगो माझो दर्यात, आणि तू तेका घरातसून वजा केलंस?"

"तुमीच सांगलात ना, मोजू नये म्हणान?"

"मोजू नको म्हटलंय. वगळ म्हणान कधी सांगलंय?"

तिने तुळशीपुढे पणती लावली. विझली. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा काडी ओढायला तिचा हात उठेना, तेव्हा आनंदी पदर खोचून मास्तरांना गाठायला धावत सुटली.

*

पाहणीतला प्रश्न: धंदा काय?

शेजारची सुशीला दारात काथ्या बडवत होती. "मास्तर? गेलो गो फुडे. माका इचारता, घरात पुरुष किती? घोव मुंबईक गिरणीत, दीर गोदीत. म्हटलां, देवघरातलो बाळकृष्ण धरलो तर एक!"

एरवी आनंदी खो खो हसली असती.

बाजारात लॉरीतून कौले उतरत होती. हीच कौले पूर्वी मचव्यांतून यायची-जायची. लॉऱ्या आल्या आणि भाडे जाईल या धास्तीने मचव्यांचे मालक वारा बघायचे विसरले. निघताना नवराही तेच बोलला होता, "आता वारो बघीत बसलेलो बसानच ऱ्हवतलो." त्या बोलण्याला तेव्हा ती नुसते 'हूं' म्हणाली होती.

कार्मीनबाय भट्टीतून पाव काढत होती. "मास्तर आत्ताच चाय पिऊन बंदरार गेले. माझो पेद्रू आगबोटीर बटलर, तर मास्तर म्हणतत, हंय नायत तेंका लिवणंय नाय."

"मग तुका काय वाटला?"

"काय वाटतला गो? पेद्रू काय कागदार ऱ्हवता?"

आनंदी बंदराकडे वळली. म्हणजे मास्तरांच्या त्या कागदांच्या पिशवीत सगळे मालवण होते, आणि त्यात बायका, पोरे आणि दमेकरी म्हातारे. कौले घातलेली घरे होती, मुंबईचे पत्र्याचे डबे होते, पेद्रूचे घड्याळ होते. ते आणणारे मात्र कुणीच नव्हते. दुसऱ्यांचे पुरुष गिरणीत होते, बोटीवर होते. कुणी लिहो न लिहो, त्यांच्या पायांखाली भक्कम काहीतरी होते.

*

बंदरावर पाणी पांढरे झाले होते. गाबीत मच्छीमार होड्या वर ओढत होते. मचव्याचे शीड कुठेच नव्हते. रोझारियो मास्तर एका हाताने उलटी झालेली छत्री आणि दुसऱ्या हाताने पिशवी धरून झुंजत होते.

"मास्तरानू, माझा घर परत लिवा!"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिले, मग दर्याकडे. आपण काय थट्टा केली होती ते त्यांना आठवले असावे. काही न विचारता ते वखारीच्या आडोशाला गेले, कागद काढला, टाक काढला. "दोनाचे तीन करतंय."

"नको!" तिने त्यांचा हातच धरला. "आकडो नको."

"मग काय करू?"

"नाव लिवा."

"सांग."

मास्तरांना नाव ठाऊक होते, पण ते थांबून राहिले. लग्नातल्या उखाण्यानंतर आनंदीने ते तोंडातून काढले नव्हते. नवऱ्याचे नाव घेतले की त्याचे आयुष्य तुटते. मोजले तर बुडतो. वगळले तर... ते तर होऊनच गेले होते.

ती पुटपुटली.

"ऐकाक येणा नाय गो!" वाऱ्यात मास्तर ओरडले.

"परशुराम!"

तिने दर्याकडे तोंड करून हाक घातली. होडी ओढणारे दोर हातात धरून वळले. कुठल्याही बाईने बंदरावर असे केलेले त्यांनी पाहिले नव्हते.

मास्तरांनी आकड्याच्या चौकटीत नाव लिहिले. चौकट अपुरी पडली, शेवटची दोन अक्षरे बाहेर गेली. शाई वाळण्याआधीच त्यावर पाण्याचा शिंतोडा पडला, आणि आनंदीने झटकन तळहाताने कागद झाकला. हात उचलायचा तिला धीर होईना.

"काढ गो हात," मास्तर म्हणाले. "बघूया, आसा काय ता."

ती हलली नाही.

*

परशुरामाचा मचवा आदल्या दिवशी दुपारीच देवगडच्या बंदरात नांगर टाकून उभा राहिला होता.